पडद्यावर उमटण्याआधी अक्षरं कुठे थांबतात?

लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, काम करणारी मंडळी दिवसातून कितीदा तरी 'लेस' हा मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात, आणि बहुतेक वेळा ते त्यांच्या लक्षातही येत नाही. 'मॅन' कमांड देऊन मदतीचं पान उघडा, नाहीतर कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट'कडे जुन्या बदलांची यादी मागा. समोर मजकूर मांडतो तो बहुधा लेसच. स्पेस दाबली की पुढचं पान, 'बी' दाबलं की मागचं, 'क्यू' दाबलं की बाहेर. इतक्या साध्या प्रोग्रॅमबद्दल लेख काय लिहायचा, असं वाटेल. पण त्याच्या पोटात १०२४ बाइटची एक छोटीशी जागा आहे, आणि ती कधी रिकामी करायची याचा विचार ज्या बारकाईने केला आहे, तो पाहण्यासारखा आहे.

लेस पडद्यावर एकही अक्षर थेट लिहीत नाही. दाखवायचं अक्षर असो, कर्सर हलवायची खूण असो की रंग बदलायचा आदेश, सगळं आधी या जागेत, म्हणजे आउटपुट बफरमध्ये, रांगेने जमा होतं. एक फंक्शन आत टाकतं. दुसरं, त्याचं नाव फ्लश, साठलेलं सगळं एकदम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सोपवतं आणि तिथून ते टर्मिनलकडे जातं. यंत्रणा म्हणावी तर एवढीच.

हा खटाटोप कशासाठी, हे समजायला १९७८ सालात जावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डॅनियल हॅलबर्ट यांनी त्या वर्षी 'मोर' लिहिला, एक पान भरलं की थांबणारा प्रोग्रॅम. त्याच वर्षी डेक कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल बाजारात आलं. त्याचा पडदा ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, म्हणजे एका पानात १९२० अक्षरं. घरून टेलिफोन लाइनवर मोडेम लावून बसलेल्या माणसाला सेकंदाला ३०० बिट मिळायचे. एका अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट खर्च होत, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. पूर्ण पान उमटायला ६४ सेकंद! विद्यापीठातच ९६०० बिटच्या तारेवर बसलात तर तेच पान दोन सेकंदांत. बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा एडिटर अशाच ३०० च्या मोडेमवर काम करत घडवला. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या का आहेत, ते इथे कळतं. मार्क न्यूडलमन यांनी १९८३ ते १९८५ च्या दरम्यान लेस तयार केला, तो मोरमध्ये नीट मागे जाता येत नव्हतं म्हणून.

त्या तारा आता गेल्या. खिडकीतलं टर्मिनल म्हणजे शेजारीच चालणारा दुसरा प्रोग्रॅम. तरीही बफर राहिला, कारण कर्नलला हाक मारायची किंमत राहिली. अशा प्रत्येक हाकेला, म्हणजे सिस्टिम कॉलला, प्रोसेसर आपलं काम सोडून कर्नलच्या हद्दीत जातो आणि परत येतो. एका फेरीला लागतात काही शे नॅनोसेकंद, पण १९२० अक्षरांसाठी १९२० फेऱ्या मारायच्या की दोन, हा फरक साधा नाही. शिवाय दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करत असाल, तर एकेक अक्षराचं वेगळं पाकीट नेटवर्कवर पाठवणं निव्वळ उधळपट्टी.

साठवण्याचा फायदा कुणालाही पटतो. अवघड भाग आहे सोडण्याचा.

बफर भरला की फ्लश करायचा, हे उघड आहे. पण पानाच्या शेवटी बफर बरोबर काठोकाठ भरलेला असेल, असं कधी होणार? उरलेल्या तीनशे-चारशे बाइटमध्ये शेवटच्या काही ओळी आणि तळाचा प्रॉम्प्ट (पुढची कळ मागणारी खूण) अडकलेला असतो. या अवस्थेत लेस कळ दाबली जाण्याची वाट पाहत बसला, तर समोरचा माणूस पान पूर्ण व्हायची वाट पाहत बसेल. दोघंही एकमेकांसाठी खोळंबलेले, आणि बिघाड म्हणावा असं काहीच झालेलं नाही. म्हणून लेसची शिस्त अशी: कळीची वाट पाहण्याआधी बफर रिकामा. हाताशी असलेलं सगळं दाखवून मगच थांबायचं.

याच्याही पुढची एक जागा आहे, आणि ती सुचायला अनुभव लागतो. लेस फाइलमधून किंवा पाइपमधून (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीतून) पुढचा मजकूर वाचायला जातो, तिथेही तो अडकू शकतो; पाइपच्या पलीकडचा प्रोग्रॅम संथ असेल तर मिनिटभरही. म्हणून वाचणाऱ्या फंक्शनमध्येसुद्धा, प्रत्यक्ष वाचनाच्या आधी, फ्लशचा एक कॉल घातलेला आहे. आलेल्या ओळी दिसून जातात, मग वाट पाहणं सुरू होतं.

आता एक ओळखीची तक्रार. सर्व्हरच्या वाढत्या लॉगवर, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीवर, नव्या ओळी दाखवत राहणारा 'टेल' लावला, त्यातल्या चुकांच्या ओळी निवडायला 'ग्रेप' लावला, आणि ते सगळं लेसमध्ये सोडलं. पडदा कोरा. लॉगमध्ये तर चुका येताना दिसताहेत! दोष लेसवर ढकलला जातो, पण इथे तो निर्दोष आहे. सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीचा नियम असा की आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर प्रत्येक ओळीनंतर सोडायचं, आणि पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये जात असेल तर बफर पूर्ण भरल्यावरच. ग्रेपचं वागणं मग वडापच्या जीपसारखं होतं: सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आत बसलेल्याला कितीही घाई असो. बफर ४०९६ बाइटचा आणि ओळ ८० बाइटची धरली, तर पन्नासेक चुका जमेपर्यंत एकही पुढे सरकणार नाही. तासाला दोन चुका होणाऱ्या चांगल्या सर्व्हरवर याचा अर्थ पूर्ण दिवस. उपाय ग्रेपलाच सांगायचा: 'लाइन बफर्ड' हा पर्याय देऊन.

फ्लश केल्यावर तरी सगळं पोचतं का? नेहमीच नाही. कर्नलला हजार बाइट दिले तर 'सहाशेच घेतले' असं उत्तर येऊ शकतं. फाइल लिहिणारा प्रोग्रॅम अशा वेळी उरलेले चारशे पुन्हा पाठवतो, पाठवायलाच हवेत. लेसची पद्धत वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. पूर्ण मजकूर गेला नाही, तर तो 'पडदा बिघडला' अशी एक खूण करून ठेवतो आणि बफर रिकामा झाल्याचं मानून पुढे चालू लागतो. पुढच्या संधीला ती खूण दिसली की अख्खं पान नव्याने रंगवतो. हे त्याला परवडतं, कारण मूळ मजकूर त्याच्याकडे आहेच. तीच खूण आणखीही कामी येते. कंट्रोल-झेड दाबून लेसला मध्येच थांबवलं, तर तो खालची ओळ पुसतो, टर्मिनलला मूळ पडद्यावर परत जायचा आदेश बफरमध्ये टाकतो, फ्लश करतो, कीबोर्डची नेहमीची पद्धत पूर्ववत करतो आणि मगच झोपतो. यातला फ्लश विसरला तर तो आदेश बफरमध्येच राहील, आणि शेलचा (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रॉम्प्ट अर्धवट पुसलेल्या पानाच्या मधोमध उगवेल. जागं झाल्यावर पुन्हा तीच खूण, पुन्हा पूर्ण रंगकाम.

मराठी मजकूर वाचताना या १०२४ च्या आकड्याला एक वेगळीच किनार येते. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटचं, तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, वेलांटी, मात्राही त्यात आल्या. 'मराठी' या शब्दाचे होतात १५ बाइट. आणि मजकुरात स्पेससारखी एका बाइटची चिन्हंही मिसळलेली असतात. त्यामुळे बफर भरतो तेव्हा कधी कधी पुढच्या अक्षराचा पहिला तुकडाच आत बसलेला असतो. फ्लश झाला की अक्षराचा एक तुकडा आधी आणि दोन नंतर.

लिनक्सवर याने काही बिघडत नाही. टर्मिनल बाइटचा प्रवाह सलग वाचतं, आणि यूटीएफ-८ ची रचनाच अशी की पहिला बाइट पुढे किती बाइट येणार ते सांगून टाकतो. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ही पद्धत आखली. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट १११० या चार बिटांनी सुरू होतो: एकूण तीन बाइट, अजून दोन यायचे आहेत. टर्मिनल थांबतं आणि पुढची खेप आली की जोडून घेतं. पण प्रोग्रॅमला स्वतःच मजकुराचं रूपांतर करून द्यायचं असेल, तर तुटलेला तुकडा तसाच पुढे ढकलून चालत नाही. अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो.

विंडोजच्या जुन्या कन्सोलसाठी लेसला अशीच अडचण रंगांच्या बाबतीत सोडवावी लागली. त्या कन्सोलला रंगांच्या एस्केप खुणा, म्हणजे मजकुरातच मिसळून येणारे रंग बदलायचे आदेश, कळत नसत. मग लेस स्वतःच बफर वाचून त्या खुणा ओळखतो आणि विंडोजच्या भाषेत रंग बदलतो. आता खूण बफरच्या टोकाला अर्धीच आली असेल तर? त्यापूर्वीचा मजकूर दाखवायचा, अर्धवट खूण उचलून बफरच्या सुरुवातीला आणून ठेवायची आणि उरलेला भाग यायची वाट पाहायची. चारदोन ओळींचा कोड, पण तो नसता तर पानात मध्येच चौकटी कंस आणि आकडे सांडलेले दिसले असते.

आजच्या मोठ्या पडद्यांनी मात्र जुनं गणित बदललं आहे. २०० अक्षरं रुंद आणि ५० ओळी उंच खिडकी म्हणजे दहा हजार घरं. ती देवनागरीने भरली तर निदान तीस हजार बाइट, म्हणजे १०२४ च्या बफरने जवळपास तीस खेपा. टर्मिनलला यातली कुठली खेप पानाची शेवटची हे कळत नाही, त्यामुळे अर्धं नवं आणि अर्धं जुनं पान क्षणभर दिसू शकतं. एकेक ओळ सरकवताना हा त्रास होत नाही, कारण तेव्हा लेस पान सरकवायला सांगून फक्त नवी ओळ लिहितो. त्रास होतो तो पूर्ण रंगकामात. बफर मोठा केला तर खेपा कमी होतील, पण टर्मिनलनेही वाचताना तुकडे पाडले तर प्रश्न तिथेच.

म्हणून अलीकडच्या अनेक टर्मिनलांनी २०२६ क्रमांकाचा एक मोड स्वीकारला आहे. (क्रमांकाचा सालाशी संबंध नाही.) प्रोग्रॅमने सुरुवातीला तो चालू करायचा, हवं तितक्या खेपांत पान पाठवायचं आणि शेवटी बंद करायचा; तोवर टर्मिनल पडदा बदलत नाही. ज्याला हा मोड माहीत नाही ते टर्मिनल आदेश गिळून टाकतं आणि पूर्वीसारखंच चालतं. मोड चालू करून प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर पडदा कायमचा गोठू नये याचीही सोय लागते. अलाक्रिटी नावाचं टर्मिनल अशा वेळी १५० मिलिसेकंद वाट पाहतं आणि मग हाती आलं असेल तेवढं दाखवून मोकळं होतं.