एबीएसचा दिवा आणि 'लो व्होल्टेज' कोड : गाडी आणण्याआधी एवढं वाचा

डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला तर 'लो व्होल्टेज' असा काहीतरी बिघाडाचा कोड आला, मग आता एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, गेलं का? हा प्रश्न आमच्या गॅरेजमध्ये इतक्यांदा येतो की शेवटी लिहूनच काढलं. मॉड्यूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं, त्याच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नसतो एवढंच.

आधी एक विनंती, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. कोड उडवून गाडी आणू नका. कोड पडतो तेव्हा बऱ्याच गाड्यांचं मॉड्यूल त्या क्षणाची नोंद ठेवतं, व्होल्ट किती होते, वेग किती होता, इंजिन चालू होतं की नाही वगैरे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९ च्या खाली गेलं असेल तर आम्ही बॅटरी आणि टर्मिनलकडे बघतो, आणि गाडी ६० च्या वेगात असताना पडलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), बेल्ट, वायरिंग. म्हणजे दोन वेगळे आजार. तुम्ही 'क्लिअर' दाबलं की ती नोंद गेली, मग आम्ही गाडी फिरवत बसतो दिवा कधी लागतो त्याची वाट बघत, आणि तो हमखास तुम्ही गाडी घेऊन गेल्यावर लागतो.

दुसरा प्रकार टर्मिनल काढून पाच मिनिटांनी परत लावायचा. बऱ्याच गाड्यांत एबीएसचा कोड असा पुसला जातच नाही, उलट घड्याळ, रेडिओ, काचांचं सेटिंग जातं. तरीपण दिवा गेला ना, असं म्हणतात लोक. गेला, कारण काढता-घालताना टर्मिनल घासलं गेलं, त्यावरची पांढरी-हिरवी पावडर थोडी निघाली, कॉन्टॅक्ट आठ-पंधरा दिवसांपुरता सुधारला. आजार तिथेच आहे, आता फक्त सापडायला अवघड झालाय. आणि इंजिन चालू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत तर आजच्या गाडीवर अजिबात करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि मग मॉड्यूल खरोखरच जाऊ शकतं.

"बॅटरी नवीन आहे हो, व्होल्टमीटरला १२.६ दाखवते." बरोबर आहे, बंद गाडीत भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास दिसायलाच हवं, १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलेली. इंजिन चालू झालं की साधारण १३.५ ते १४.५, नवीन गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या सांगण्यावर चालतो त्यामुळे आकडा वरखाली झाला तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण हे सगळं बॅटरीवर झालं, मॉड्यूलवर काय येतंय? नळ बंद असताना पाइपात प्रेशर असतंच, सोडल्यावर धार किती येते ते बघायचं. आतून सडलेल्या वायरीत एखादी तार शिल्लक असली तरी मीटर १२.६ च दाखवणार, पण एबीएसच्या पंपाची मोटर सुरू झाली की ती भरपूर अँपिअर ओढते आणि व्होल्टेज तिथेच कोसळतं. म्हणून आम्ही स्कॅनरने पंप चालवून बॅटरी ते मॉड्यूलची पिन अशी व्होल्टेजची घट मोजतो. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त, किंवा अर्थिंगला (मायनसच्या बाजूला) ०.२ च्या वर गेलं की चोर तिथेच आहे.

मध्ये एक गाडी आली, मालकांनी आधीच चाकाचे दोन सेन्सर बदलून घेतले होते, कारण कोड सेन्सरचेही होते. आता बऱ्याच गाड्यांत सेन्सरला सप्लाय मॉड्यूलकडूनच मिळतो, मॉड्यूलच उपाशी तर सेन्सर काय करणार! बॅटरीच्या ट्रेखाली अर्थचा बोल्ट गंजलेला होता, बस. चारही चाकांचे सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत, व्होल्टेजचा कोड सोबत असेल तर आधी तो.

आम्ही गाडी रात्रभर का ठेवतो यावर थोडी कुरकुर असते. बॅटरी उतरलेली असेल तर आधी ती हळूहळू पूर्ण चार्ज करावी लागते, नाहीतर इग्निशन चालू ठेवून स्कॅन करता करताच व्होल्टेज पडतं आणि नवे खोटे कोड जमा होतात. बिलावर शेवटी 'अर्थ पॉइंट साफ केला' एवढंच दिसलं तरी तपासणीचे पैसे आम्ही घेतो, ते आधीच सांगून, आणि दुरुस्तीआधीचे-नंतरचे सगळे आकडे लिहून देतो. मॉड्यूल विकण्यात आमचा जास्त फायदा झाला असता, पण गंजलेला बोल्ट तसाच ठेवून नवीन मॉड्यूल बसवलं तर पुढच्या महिन्यात तुम्ही परत दारात, आणि वर चिडलेले.

बाहेरून हॉर्न, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम बसवला असेल तर लपवू नका, रागावत नाही. वायर एबीएसच्या फ्यूजवरून घेतलेली निघते बऱ्याचदा, आम्ही तिला वेगळा फ्यूज आणि गरज असेल तिथे रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) टाकून देतो.

येताना स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो आणा आणि दिवा कधी लागतो ते सांगा, सकाळी पहिल्या स्टार्टला, का रात्री हेडलाइट-एसी सगळं चालू असताना. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबला तर चाकं लॉक होऊ शकतात, ओल्या रस्त्यावर जास्तच, तेव्हा अंतर ठेवून सावकाश या. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी चालवूच नका, ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांतलं ब्रेकचं वाटप बंद पडलेलं असू शकतं, आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते. अशा वेळी फोन करा, उचलून आणायचं आम्ही बघतो.