काळा लेप आणि आतलं मेण: जुन्या गाडीचा गंज कशाने थांबतो

म्हापशातल्या एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन "गाडीला अँटी-रस्ट मारायचंय" असं सांगा. मिस्त्री गाडी रॅम्पवर चढवील, खालून पाण्याचा फवारा मारील, सुकू देईल आणि कंप्रेसरच्या गनने गाडीच्या पोटाला काळा, जाड, खरखरीत लेप देईल. बिलावरही "अँटी-रस्ट" असंच लिहील. पण तो लेप म्हणजे अंडरकोटिंग. गंज रोखण्याचं काम वेगळं आहे. त्याचा माल वेगळा, आणि तो मारायची जागाही वेगळी. नव्या गाडीच्या बाबतीत ही गल्लत फारशी महाग पडत नाही, कारण तिची अख्खी बॉडी कारखान्यातच प्रायमरच्या टाकीत बुडवून काढलेली असते. चाळीस-पन्नास वर्षांची पद्मिनी, अँबॅसिडर किंवा बीटल पुन्हा उभी करायला घेतली असेल, तर मात्र हीच गल्लत पत्रा खाऊन टाकते. आमच्या गाडीचा खाल्ला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी वडिलांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. सहा वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर मी तिला हौसेने असा लेप मारून घेतला. "पात्रांव, आता खाली बघायची गरज ना," मिस्त्री म्हणाला, आणि मला ते पटलं. नंतर कधीही वाकून पाहिलं तर पोट काळं कुळकुळीत दिसायचं. गेल्या डिसेंबरात गाडी पूर्ण खोलायला घेतली. सीट काढल्या, रबरी मॅट उचलली, तिच्याखालचं जाड फेल्ट उचललं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते तरी ते दमट होतं. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो पत्र्यातून आरपार गेला आणि खालच्या काळ्या लेपाला जाऊन अडला. तिथे फ्लोअर उरलाच नव्हता, लेप तेवढा शाबूत होता. खालून पट्टी घालून सोलला, तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा तळहाताएवढा तुकडा हातात आला. त्याच्या आतल्या अंगाला लाल भुकटी चिकटलेली होती.

पाणी वरून येत होतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालं होतं, तिथून झिरपून ते फेल्टमध्ये मुरायचं. पूर्वी पत्र्याच्या जोडांतून आणि निचऱ्याच्या भोकांतून थोडंफार तरी निघून जात असेल. लेपाने ती सगळी भोकं बुजवली आणि फ्लोअरची परात झाली.

अंडरकोटिंगचं खरं काम आहे मार सोसणं. डांबर, रबर किंवा तत्सम मालाचा हा जाड थर चाकांनी उडवलेली खडी झेलतो, रंगाला टवका उडू देत नाही आणि पत्र्याचा आवाज दाबतो. धड प्रायमर असलेल्या पत्र्यावर मारला तर उपयोग नक्की होतो. पण जाड असल्यामुळे तो दोन पत्र्यांच्या जोडात शिरत नाही. वर्षं गेली की डांबराचा लेप कडक होतो, कडेला बारीक तडा जातो, त्या तड्यातून पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच अडकतं. खाली आधीच गंज असेल तर गोष्ट आणखी वाईट. गंज सच्छिद्र असतो, ओल आणि मीठ धरून ठेवतो. त्याला झाकलं म्हणून तो थांबत नाही, दिसायचा मात्र बंद होतो.

गंजरोधनाला नेमकी उलट प्रकृतीची गोष्ट लागते, म्हणजे पातळ, सरपटणारी आणि कायम मऊ राहणारी. पोकळ भागांसाठी मेणाचं किंवा लोकरीपासून निघणाऱ्या लॅनोलिनचं मिश्रण मिळतं. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारा नोझल असतो. ती नळी सिलमध्ये (दरवाज्यांखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी), दरवाज्यांच्या पोटात, फ्लोअरखालच्या चॅनेलमध्ये घालायची आणि हळूहळू मागे ओढत फवारायचं. स्पॉट वेल्डच्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये कागद शिरणार नाही अशी फट असते. हे मेण तिच्यात आपोआप ओढलं जातं. कारण तेच, ज्यामुळे पाणीही तिथे शिरतं. मेण आधी पोचलं तर पाण्याला जागा राहत नाही.

पद्मिनी आणि अँबॅसिडर, दोघींनाही जीपसारखी वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीच उचलते आणि सिल हा तिचा कणा. आमच्या गाडीचं सिल कापलं तेव्हा बाहेरून रंग ठीक होता, आत मात्र रंगाचा मागमूस नव्हता. तळाशी बोटभर जाडीचा लाल चिखल साचला होता आणि त्याच्याखाली पत्र्याची जाळी झाली होती. तिथे बाहेरून कितीही काळा लेप मारा, आत काय चाललंय त्याला तो हातही लावू शकत नाही.

आपल्याकडे गोव्यात हे सगळं जरा जोरातच होतं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लोखंड गंजतं ते एका अर्थी बारीकशा बॅटरीसारखं, आणि मिठाने पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणून कळंगुटला अंगणात उभी असलेली गाडी साखळीच्या गाडीपेक्षा लवकर खाल्ली जाते. जांभ्याची तांबडी माती मडगार्डच्या आतल्या ओठावर बसते आणि दिवसचे दिवस ओल सोडत नाही. लेप असो वा मेण, पावसाळ्यात तिथे आतून हात घालून ती माती धुऊन काढावीच लागते.

रेड ऑक्साइडबद्दलही बोलायला हवं. खिडकीच्या ग्रिलला आगोटीआधी रेड ऑक्साइड मारायची आपली सवय, तीच आपण गाडीलाही लावतो. साध्या रेड ऑक्साइडवर वरचा रंग बसला नाही तर त्यातून ओल हळूहळू आत जाते. फ्लोअरला दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. महाग आहे, पण या कामात पैसा घालायची जागा हीच. गंज काळा करणारं कन्व्हर्टरही विचारपूर्वक वापरावं. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाशीच संयोग पावतं. त्यामुळे चकचकीत पत्र्यावर ते मारून फायदा नाही, आणि खपल्या तशाच ठेवून वरून मारलं तर ते खालपर्यंत पोचत नाही. आधी तारेचा ब्रश आणि ग्राइंडर. पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत जे उरेल, तेवढ्यालाच कन्व्हर्टर.

क्रम चुकला तर चांगला मालही फुकट जातो. जुना लेप आधी हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडायचा. ग्राइंडर लावला तर डांबर वितळून फासलं जातं. मग सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवून देतो म्हणणाऱ्याला त्याच क्षणी नको म्हणा. वेल्डिंगनंतर इपॉक्सी, त्यावर जोडांना सीलर, मग मडगार्डच्या आत आणि चाकांची खडी बसते तेवढ्याच भागाला अंडरकोटिंग, मग रंग. मेण सगळ्यात शेवटी. आधी मारलंत तर त्याचा अंश रंगात जाऊन माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि नंतर कुणी तिथे वेल्डिंगची ज्योत लावली तर आतलं मेण पेट घेतं. ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर, हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचे स्प्रिंगचे पाटे यांना कागद-टेप लावल्याशिवाय गन हातात घेऊ देऊ नका. शाफ्टवर एका बाजूला लेपाचा गोळा बसला, तरी वेगात गाडी थरथरते.

जळकं इंजिन ऑइल खालून फवारायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ते आत शिरतं हे खरं, पण सस्पेन्शनच्या बुशांचं रबर फुगवतं, त्यातली आम्लं पत्र्याला बाधतात, आणि पावसात ते धुऊन अंगणात उतरतं. आपल्याकडे अंगणात विहीर असते, तेवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच काढावं. पावसाळ्यात घासून उघडा केलेला पत्रा सकाळचा संध्याकाळपर्यंत तांबूस होतो, आणि त्या तांबूसपणावर मारलेला इपॉक्सी पुढे सुटतो. आम्ही रोज जेवढं घासलं, तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावला. मोठं काम म्हणून उद्यावर ढकललं नाही.

दोन्हींची निगाही वेगवेगळी. लेप वर्षातून एकदा बोटाने दाबत तपासायचा. पोकळ वाजला किंवा कडेने उचलला गेला तर तिथे सोलून बघायचं, वरून आणखी थर द्यायचा नाही. मेण दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारायचं, समुद्राजवळ राहत असाल तर त्याहून लवकर. निचऱ्याची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करायची, पावसाआधी एकदा आणि चवथीच्या सुमाराला एकदा. मे महिन्याच्या उन्हात आमच्या पद्मिनीच्या दरवाज्यांच्या तळातून तपकिरी थेंब अंगणातल्या लाद्यांवर पडू लागले, तेव्हा आईने काळजीने विचारलं, काहीतरी गळतंय का रे? मी खाली पुठ्ठा सरकवला. मेण पातळ होऊन जोडांत उतरत होतं आणि भोकं उघडी होती.