वृद्धांमधील दुर्बिणीद्वारे पित्ताशय शस्त्रक्रिया

पोट न उघडता, बेंबीजवळ व उजव्या बरगडीखाली घेतलेल्या तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारे घालून, बहुधा खड्यांमुळे त्रास देणारे, पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. वैद्यकातील नाव लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी. सांगली-मिरजेकडे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’. पासष्टीपुढच्या रुग्णांत ती कितपत निर्धोक आहे, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

आधी एका शब्दाचा घोळ. मराठीत ‘पित्त झालं’ म्हणजे घशाशी आंबट येणे, मळमळणे, डोके चढणे. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारे पित्त वेगळे आणि जठरातील आम्ल वेगळे, पण बोलण्यात दोन्ही एकच. त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीत जाणारी कळ कित्येक आजी-आजोबा वर्षानुवर्षे सोड्यावर आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढतात. सोनोग्राफीत ‘खडे’ निघाले की दुसरा घोळ सुरू होतो : मूतखड्यासाठीचा पानफुटीचा रस आणि कुळथाचे कढण पित्ताच्या खड्यावरही चालू होते. ते खडे लघवीच्या वाटेवर नसतातच. या उपायांनी ते विरघळत नाहीत.

उघड्या पद्धतीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला केली. दुर्बिणीची वाट जर्मनीतच एरिख म्यूह यांनी १९८५ मध्ये दाखवली आणि भारतात टेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत ती आणली. सुरुवातीच्या काळात सर्जन वृद्ध रुग्ण टाळत. पोटात वायू भरणे म्हाताऱ्या हृदयाला झेपणार नाही, ही भीती होती. अनुभव वाढला तसे मत पालटले, आणि त्याचे कारण साधे आहे. बरगडीखालच्या मोठ्या छेदानंतर प्रत्येक श्वासाला दुखते. म्हातारा माणूस मग खोकत नाही, कूस बदलत नाही. कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत गुठळी होते. छिद्रे लहान असली की तोच रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात फिरतो.

वायूची भीती मात्र निराधार नाही. पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात. दाब साधारणपणे पाऱ्याचे १२ ते १५ मिलिमीटर. त्याने छातीचा पडदा वर ढकलला जातो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि शोषला गेलेला वायू फुप्फुसांना बाहेर टाकावा लागतो. कमकुवत हृदयाच्या किंवा दमेकरी रुग्णात म्हणून दाब ८ ते १० वर ठेवतात, वायू सावकाश सोडतात आणि टेबल हळूहळू तिरके करतात. येथे सर्जनइतकाच भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. त्याला पूर्वेतिहास खरा कळायला हवा. तंबाखू खाता का, असे विचारल्यावर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्या तंबाखूत धरत नाहीत. आयुष्यभर चुलीपुढे फुंकर घातलेल्या बाईची फुप्फुसे बिडी न ओढताही खराब झालेली असू शकतात.

वयाचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. रोज मळ्यात चालत जाणारा ऐंशीचा शेतकरी हा घरातल्या घरात धरून चालणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही रुग्णापेक्षा बरा उमेदवार असतो. वृद्धांत खरी अडचण वेगळी आहे : खडे जुने असतात. वारंवारच्या सुजेने पित्ताशय आजूबाजूला चिकटलेले असते आणि खडे मुख्य पित्तनलिकेत उतरण्याचे प्रमाणही जास्त असते. तसे झाले असेल तर ते बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, काढावे लागतात. अशा वेळची कावीळ उतरवायला माळ घालणे किंवा नाकात रस सोडणे यात गेलेला आठवडा जिवावर बेतू शकतो, कारण अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झपाट्याने होतो.

या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर अपघात म्हणजे मुख्य पित्तनलिकेला इजा. तो हजारात साधारण तीन ते पाच रुग्णांत होतो. पित्ताशयाकडे जाणारी नळी व धमनी या दोनच गोष्टी स्पष्ट सुट्या दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही, हा नियम त्यासाठीच आहे. दिसत नसेल तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे किंवा पोट उघडणे हे शहाणपणाचे. वृद्धांत पोट उघडण्याची वेळ तरुणांपेक्षा अधिक येते. नातेवाईक त्याला ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात; ते तसे नसते.

सगळ्यात मोठा फरक वेळेने पडतो. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि पित्ताशय सडू लागल्यावर रात्री घाईने केलेली शस्त्रक्रिया यांच्या जोखमीत फार अंतर आहे. तासगाव-पलूसकडे द्राक्षाची छाटणी उरकू दे, गळीत हंगाम संपू दे, मग बघू, असे म्हणत त्रास देणारे खडे पुढे ढकलले जातात. एकदा दुखण्याचा झटका येऊन गेल्यावर पुढचा झटका हंगाम पाहून येत नाही. त्यातून म्हातारपणी ताप व पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतानाही आत पित्ताशय काळे पडलेले असू शकते. तीव्र सूज आलेल्या नाजूक रुग्णात कातडीतून पित्ताशयात नुसती नळी घालून पित्त बाहेर काढणे सौम्य वाटते. नेदरलँड्समध्ये दोन्ही उपायांची तुलना करणाऱ्या चाचणीत (२०१८) मात्र मोठी गुंतागुंत नळीच्या गटात ६५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात १२ टक्के रुग्णांत आढळली. मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक नव्हता. भूल अजिबात न झेपणाऱ्यांसाठी नळीचा मार्ग आजही आहेच.

उलट, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडलेले, कधीच न दुखलेले खडे बहुतेक वृद्धांत तसेच ठेवतात. फार मोठा खडा, पित्ताशयाची चुन्यासारखी कडक झालेली भिंत, वाढणारी गाठ अशा गोष्टी, कर्करोगाच्या शंकेमुळे, याला अपवाद.

या भागातील रुग्णांना उपचारासाठी पुण्या-मुंबईला जावेच लागते असे नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयापासून मिरजेत शस्त्रक्रियेची परंपरा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. जतपासून कर्नाटकातील अथणीपर्यंतचे लोक येथे येतात.

तयारीत औषधांची पिशवीच डॉक्टरांपुढे रिकामी करणे उत्तम. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी बहुधा पाच दिवस आधी थांबवतात, मधुमेहाची काही औषधे तीन दिवस आधी. पण हे आपल्या मनाने करायचे नाही, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. शस्त्रक्रियेनंतर उजवा खांदा दुखतो, तो बहुधा वायूमुळे. रात्री काही वृद्ध बरळतात, सलाईन उपसतात. चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचा माणूस जवळ असला की हे कमी होते. पित्ताची गळती बहुधा पहिल्या आठवड्यात कळते. तरुणाला ताप येतो, पोट दुखते, डोळे पिवळे होतात. म्हातारा माणूस घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी नुसता जेवण टाकतो आणि पडून राहतो. थकवा म्हणून तो निजवून न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावा लागतो.