बिबा, बिब आणि घसरण

मे महिन्यातला रविवार, पहाटेचे साडेपाच. जळगावहून एरंडोलमार्गे पद्मालयाच्या गणपतीला निघालेल्या आमच्या सायकलवाल्या टोळक्यात एक नवा गडी आला. सीटवर जेलचं दोन बोटं जाड कव्हर, त्यावर घडी घालून बांधलेला टॉवेल, आणि सुती अंडरवेअरवर सुती बर्म्युडा. "सर, आपल्या खान्देशचं सोनं म्हणजे कापूस. कापसापेक्षा मऊ काय असतं?" असं म्हणत त्याने टांग मारली. पाळधी गेलं तोवर तो सीटवर डावी-उजवी करत होता. एरंडोलपर्यंत पेडलवर उभा राहूनच चालवायला लागला. परत येताना सायकल टेम्पोत टाकली आणि स्वतःही मागे उभाच राहून आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचं निदान आलं: आंबे जास्त झाले, उष्णता बाहेर पडतेय. सब्जाचं पाणी सुरू झालं. सब्जा प्यायला माझी काही हरकत नाही, पण बुडाला आलेल्या गळवात आंब्याचा काडीइतकाही हात नव्हता. स्टॅफिलोकॉकस नावाचे जिवाणू एरवीही आपल्या अंगावर सुखाने नांदत असतात. दोन तास घासून कातडी सोलवटली, केसांची मुळं उघडी पडली आणि त्यांना आत शिरायला वाट मिळाली. प्रश्न एवढाच की कातडी घासली कशी, आणि तीही इतक्या मऊ गादीवर?

उत्तर ज्या कपड्यात आहे त्याचं नाव बिब शॉर्ट्स. इंग्रजीत बिब म्हणजे बाळाचं लाळेरं. आपल्याला मात्र बिब म्हटलं की बिबा आठवतो, जो उतला की कातडीवर फोड उठवतो. हा बिब बरोब्बर उलटं काम करतो. मांडीपर्यंतची घट्ट तुमान, कमरेला इलॅस्टिक नाही, त्याऐवजी खांद्यांवरून जाणारे गॅलिससारखे दोन पट्टे, आणि बुडाखाली शिवलेलं पॅड. पहिल्यांदा घालून गल्लीत उतरलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "हाई काय शे रे भो? कुस्तीले चालना का?"

आधी दाबाचा हिशोब उरकू. ७० किलोच्या माणसाचं सगळं वजन सीटवर येत नाही, काही हातांवर जातं, काही पायांवर. सीटच्या वाट्याला ४० किलो आलं असं धरू, म्हणजे ढोबळमानाने ४०० न्यूटन. सीटचा आणि शरीराचा संपर्क दीड पोस्टकार्डाएवढा, २०० चौरस सेंटीमीटर धरा. दाब झाला २० किलोपास्कल. ब्लडप्रेशरच्या भाषेत सुमारे १५०. निरोगी माणसाचा वरचा आकडा १२० असतो, आणि कातडीतल्या केशवाहिन्यांत तर रक्त ३०च्या आसपासच्या दाबाने वाहतं. म्हणजे बसल्या जागी रक्त जवळजवळ अडतंच. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहा, असं जुने सायकलवाले सांगतात ते यासाठी.

आता मऊ गादी. कापूस भरलेल्या खोलीत लहानपणी उड्या मारल्या नाहीत असा खान्देशी माणूस विरळा. त्या ढिगात बसलं की काय होतं आठवा. बूड खाली जातं आणि कापूस दोन्ही बाजूंनी आणि मधून वर येतो. जेलच्या कव्हरवर तेच घडतं. आपण बसतो ती दोन हाडं, म्हणजे आसनास्थी, खरं तर वजन पेलायलाच असतात. ती गादीत रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन दोन हाडांमधल्या नाजूक भागावर दाबतो. तिथूनच जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणून चांगल्या बिबचं पॅड बोटाने दाबून पाहिलं तर निराशा होते, इतकं ते टणक लागतं. आसनास्थींखालच्या फोमची घनता ८० ते १२० किलो प्रति घनमीटर असते, आणि मध्ये मुद्दाम पातळ पन्हळ ठेवलेली असते.

पण दाबाने फक्त दुखतं. सोलवटतं ते घर्षणाने, आणि मला खरं बोलायचंय ते त्यावरच.

बँकेतला कॅशियर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजला का लावतो? ओलं म्हणजे निसरडं, असं आपण धरून चालतो. पण किंचित ओलं बोट नोटेला जास्त चिकटतं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा जाड. कोरडा असताना तो कडक आणि खडबडीत असतो, त्यामुळे समोरच्या वस्तूला फक्त त्याची टोकं टेकतात. ओल लागली की तो मऊ होतो, टोकं चपटी होतात आणि प्रत्यक्ष टेकणारा भाग वाढतो. घर्षण दुपटीवरही जाऊ शकतं. पाण्याचा अखंड थर असेल, साबणाचं पाणी असेल, तेव्हाच घसरतं. घामाने दमट झालेली जांघ या दोहोंच्या मधल्या, सगळ्यात वाईट अवस्थेत असते.

आता थर मोजा: कातडी, कापड, सीट. तीन थर म्हणजे घसरायला दोन जागा, कातडी आणि कापड यांच्यात किंवा कापड आणि सीट यांच्यात. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर दोन तासांत मांडी ७,२०० वेळा खालीवर होते. घसरण होणारच, ती टाळता येत नाही. कुठे होऊ द्यायची, एवढंच आपल्या हातात. शाळेतलं सूत्र असं: एखादा सांधा, म्हणजे दोन थर एकमेकांना टेकतात ती जागा, जास्तीत जास्त जेवढं बल तोलू शकतो ते म्हणजे घर्षणांक (दोन थर एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) गुणिले दाबणारं बल. दाबणारं बल दोन्ही जागी एकच, आपलं ४०० न्यूटन. समजा कातडी आणि कापड यांच्यात घर्षणांक ०.६ आहे आणि कापड व गुळगुळीत सीट यांच्यात ०.३. मग आतला सांधा २४० न्यूटनपर्यंत तग धरतो, बाहेरचा १२० लाच सुटतो. मांडीचा रेटा १२० झाला की बाहेर घसरण सुरू होते, आणि एकदा ती सुरू झाली की आतल्या सांध्यावर १२० पेक्षा जास्त ताण पोचतच नाही. कातडी आणि कापड एकमेकांना धरून हलतात, घासतं ते कापड आणि सीट. कापड झिजलं तर नवं आणता येतं.

आमच्या नव्या गड्याने नेमकं उलटं केलं होतं. रबरी कव्हरवर टॉवेल घट्ट बांधलेला, टॉवेलवर खडबडीत बर्म्युडा. बाहेरचा सांधा इतका पक्का की घसरण आत ढकलली गेली. आत अंडरवेअरमुळे आणखी एक सांधा, तोही ओला, आणि नेमक्या जांघेच्या घडीत येणारी जाड शिवण. ७,२०० वेळा.

बिब घट्ट का असतो, हे आता वेगळं सांगायला नको. ढगळ कपडा कातडीवर सरकतो, ताणून बसलेला तिच्याबरोबर जातो. हा ताण देणारा धागा १९५८ साली ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. त्याच्या रेणूत गुंडाळी झालेल्या मऊ साखळ्या आणि त्यांना बांधून ठेवणारे कडक ठोकळे एकाआड एक असतात. ओढलं की गुंडाळी उलगडते, सोडलं की परत जमते. लायक्रा हे त्याचं बाजारातलं नाव. त्याआधी लोकरीच्या चड्डीत आल्प्समधल्या शॅमॉय नावाच्या बोकडासारख्या प्राण्याचं कातडं शिवत. धुऊन वाळवलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून दरवेळी मलम चोळावं लागे. कातडं गेलं, पण पॅडला सायकलवाले अजूनही शॅमीच म्हणतात आणि मलमही टिकून आहे, आता ते थेट अंगाला लावतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, त्याचीच ही धाकटी बहीण. जू आणि मान यांच्यात घसरण झाली की आवाळू येतं, हे आपल्याकडे घर्षणांक न शिकलेल्यांनाही ठाऊक आहे.

राहिला कापसाचा अपमान. समईतली वात कापसाची, तेल भराभर वर चढतं, तेव्हा ओल शोषण्यात कापूस कमी नाही. गोची अशी की तो पाणी नुसतं वाहून नेत नाही, स्वतः पितो. नेहमीच्या हवेतही कापसाचा तंतू वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगून असतो, पॉलिएस्टरचा अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरमध्ये पाणी तंतूंच्या मधल्या फटींतून धावतं. फट जितकी अरुंद तितकी तिची ओढ जास्त. म्हणून पॅडच्या कातडीकडच्या बाजूला जाड तंतू आणि पलीकडे बारीक तंतू ठेवले की घाम रुंद फटींतून अरुंद फटींकडे आपोआप जातो. पण बुडाखाली वारा कुठला? तिथला घाम आडवा प्रवास करून मांडीच्या कडेला आला तरच उडतो. आपल्याकडच्या मेमधली कोरडी हवा एवढ्या एका बाबतीत आपल्या बाजूने आहे.

याच कारणासाठी बिबच्या आत काहीही घालायचं नाही. हे सांगितलं की लोक लाजतात, काही जण ऐकत नाहीत, आणि मग बिबलाच नावं ठेवतात.

आता पट्टे. साधी सायकल शॉर्ट्स पोट आवळून जागेवर राहते, म्हणजे पुन्हा घर्षणच, फक्त कमरेशी. घाम आला की ती खाली येते. वाकलं की पाठीची लांबी वाढते, मागून उघडं पडतं आणि पॅड पुढे सरकतं. इलॅस्टिक घट्ट करावं तर श्वास घेताना पोट पुढे यायला जागा राहत नाही. पट्टे हेच काम वरून ओढून करतात. दुकानात सरळ उभं राहून बिब घातला की खांदे ओढले जातात आणि बहुतेक जण एक साइज मोठा घेतात. मीही घेतला होता. वाकून पाहायला हवं होतं, सायकलच्या पवित्र्यात ओढ नाहीशी होते.

गैरसोय आहेच. लघवीला जायचं तर आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. पुरुष पुढचा भाग खाली ओढून भागवतात. बायकांसाठी मागे क्लिप असलेले किंवा मागून खाली सरकणारे बिब मिळतात, पण धुळे-जळगाव रस्त्यावर बाईला जाता येईल असं स्वच्छतागृह शोधण्याच्या कामात क्लिपचा काय उपयोग? माझ्या बायकोने या एका कारणासाठी साधी शॉर्ट्स पसंत केली, आणि तिचं बरोबर आहे. तासाभराच्या फेरीला तर मीही बिब घालत नाही. चहाच्या टपरीवर संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफ पँट घालावी, विज्ञानाला त्याने बाधा येत नाही. जाहिरातीतले जंतू मारणारे चांदीचे कण आणि आवळल्याने वाढणारी ताकद यांच्यासाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत.

प्रत्येक फेरीनंतर बिब धुवायचा, उलटा करून वाळवायचा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा लेप बसला की फटींची ओढ मरते. ब्लीचने आणि इस्त्रीने लायक्राच्या साखळ्या तुटतात. वर्षा-दोन वर्षांत त्या तशाही तुटतातच. मग कापड मागच्या बाजूने विरतं, उजेडात धरलं की आरपार दिसायला लागतं. घालणाऱ्याला ते कळत नाही, मागून येणाऱ्याला पाळधीच्या आतच कळतं. मला आमच्या टोळक्यातल्या कोणी सांगितलं नाही. नवा गडी, आता स्वतःच्या बिबमध्ये, एरंडोलला चहा पिताना हळूच म्हणाला, "सर, आज जरा सगळ्यांच्या मागे राहा."