संपर्कस्थान

संपर्कस्थान : एका चेतापेशीचा आवेग (विद्युत संदेश) दुसऱ्या चेतापेशीकडे, स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे जिथे सोपवला जातो ती जागा. ‘सिनॅप्स’ हे नावही मराठीत रूढ आहे. नावात संपर्क असला, तरी बहुतेक ठिकाणी दोन पेशी एकमेकींना टेकत नाहीत; मध्ये साधारण २० नॅनोमीटर रुंदीची फट असते. चेतासंस्थेच्या वर्णनात चेतापेशीलाच मोठा मान मिळतो. प्रस्तुत नोंदीत मात्र या फटीला काकणभर अधिक महत्त्व दिले आहे, कारण आवेग पुढे जायचा की तिथेच विरायचा, हे इथे ठरते.

नावाची व्युत्पत्ती : मायकेल फॉस्टर यांच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाच्या १८९७च्या आवृत्तीत चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही संज्ञा प्रथम वापरली. तिथे तिचे रूप ‘सिनॅप्सिस’ असे आहे. मूळ ग्रीक धातूचा अर्थ घट्ट धरणे, कवळणे असा होतो. आपल्या मनात आधी ‘सिंडेझम’ हा शब्द होता आणि केंब्रिजचे ग्रीक पंडित व्हेरॉल यांनी सध्याचा शब्द सुचवला, असे शेरिंग्टन यांनी पुढे सांगितले. हे कथन सुमारे चाळीस वर्षांनंतरचे असल्याने त्याच्या तपशिलावर फार भार टाकू नये. शेरिंग्टन यांनी ही फट पाहिलेली नव्हती. प्रतिक्षिप्त क्रियेला चेतातंतूतील वहनापेक्षा जास्त वेळ लागतो आणि आवेग एकाच दिशेने जातो, यावरून त्यांनी ती जागा तर्काने गाठली होती.

जाळे की सुट्या पेशी : कॅमिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून रंजनाची (पेशी रंगवून दिसत्या करण्याची) पद्धत काढली. तिच्यात हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या पडतात, पण ज्या पडतात त्या फांद्यांसकट. त्या पाहून गॉल्जी यांनी सर्व तंतू एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनते, असे मानले. सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून पक्ष्यांच्या आणि भ्रूणांच्या मेंदूवर वापरली; कोवळ्या तंतूंवर मायलिनचे आवरण चढलेले नसल्याने त्यांची टोके स्पष्ट दिसतात. १८८८पासून ते लिहीत राहिले की तंतू संपतो, मिसळत नाही. १९०६चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि गॉल्जी यांनी पारितोषिकाच्या व्याख्यानातही काहाल यांच्या मताला विरोधच केला. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला ही फट दिसणे शक्य नसल्याने वाद निरीक्षणाने मिटणारा नव्हता. १९५०च्या दशकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फट दिसली आणि काहाल यांचे मत ग्राह्य ठरले.

ठिणगी की द्रव्य : फट ओलांडते काय, विजेची ठिणगी की रासायनिक द्रव्य, हा पुढचा वाद. ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये द्रावणात धडधडत ठेवली. एकाची व्हेगस ही हृदयाकडे जाणारी चेता जोडलेली होती, दुसऱ्याची काढलेली. पहिल्याची चेता उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्यातले द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. कोणतीही चेता न छेडता केवळ द्रवातून संदेश पोहोचला होता. प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचल्याचे लोवी सांगत आणि त्यासाठी १९२०चा ईस्टर नमूद करीत. त्यांचा निबंध १९२१चा आहे, त्यामुळे प्रयोग त्याच वर्षीचा धरण्याकडे बहुतेकांचा कल दिसतो. आरंभी इतरांना हा प्रयोग सहज साधत नसे. बेडकांचा हंगाम आणि तापमान यांवर फळ अवलंबून असे. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन, हे हेन्री डेल आणि इतरांच्या कामातून निश्चित झाले. लोवी आणि डेल यांना १९३६चे नोबेल मिळाले.

मेंदू आणि मज्जारज्जूत तरी वहन विद्युतच असणार, असे जॉन एकल्स ठामपणे म्हणत. १९५१ मध्ये त्यांनीच मांजराच्या मज्जारज्जूतील प्रेरक (स्नायूंना चालवणाऱ्या) पेशीत सूक्ष्म विद्युदग्र घातला. अवरोधाच्या, म्हणजे पेशीला आवेग सोडण्यापासून रोखण्याच्या, वेळी विद्युतभार त्यांच्या सिद्धांताच्या उलट दिशेला सरकलेला दिसला, आणि त्यांनी आपले मत सोडून दिले. स्वतःच्या प्रयोगापुढे इतक्या मोकळेपणाने माघार घेणे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

कार्य : आवेग अक्षतंतूच्या (चेतापेशीच्या लांब तंतूच्या) टोकाशी आला की तिथली कॅल्शियमची द्वारे उघडतात. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे सुमारे ४० ते ५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका (द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) पेशीपटलाशी एकजीव होऊन आपले द्रव्य फटीत ओततात. ते पलीकडच्या ग्राहींवर (द्रव्य ओळखणाऱ्या रेणूंवर) बसते आणि आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, वाट उघडते. या सगळ्याला जेमतेम अर्धा मिलिसेकंद लागतो. बर्नार्ड कॅट्झ आणि पॉल फॅट यांनी बेडकाच्या स्नायूत, चेता पूर्ण शांत असतानाही, सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे बारीक स्पंद अधूनमधून उमटताना टिपले. एक स्पंद म्हणजे एका पुटिकेतील द्रव्याची एक पुडी. चेतेच्या हाकेला मिळणारा प्रतिसाद अशा पूर्ण पुड्यांचाच बनतो, अर्धी पुडी सुटत नाही. काम झालेले ॲसिटिलकोलीन विकर (एन्झाइम) लगेच तोडते. ग्लुटामेटसारखी द्रव्ये आजूबाजूच्या पेशी शोषून घेतात. मेंदूत ग्लुटामेट मुख्यतः उद्दीपक असते, तर गॅबा अवरोधक. एका पेशीवर हजारो संपर्कस्थाने असू शकतात; त्यांच्या होकार-नकारांची बेरीज पुरेशी भरली तरच ती पेशी पुढे आवेग सोडते.

विद्युत संपर्कस्थाने : १९५९ मध्ये फर्शपान आणि पॉटर यांनी क्रेफिश या कवचधारी प्राण्यात थेट विद्युतवहन दाखवले. अशा ठिकाणी फट अवघी २ ते ४ नॅनोमीटर असते आणि दोन्ही पेशींना जोडणारे मार्ग तिच्यातून आरपार जातात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही ती आढळतात. त्यामुळे गॉल्जी यांची अखंडतेची कल्पना सर्वस्वी टाकाऊ नव्हती, एवढे त्यांच्या बाजूने मान्य करावे लागते.

लवचिकता : संपर्कस्थानाचे बळ वापरानुसार बदलते. सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात वेगाने लागोपाठ उत्तेजन दिल्यावर प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहतो, हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. स्मृतीचा पेशीय आधार म्हणून या घटनेकडे पाहिले जाते.