निसर्गाधारित बालकेंद्रित शिक्षण

निसर्गाधारित बालकेंद्रित शिक्षण : मुलाचे कुतूहल, त्याचा वेग आणि त्याची निवड यांना पाया मानून शाळेचा बराचसा वेळ उघड्यावर, माती, पाणी, झाडे आणि लहानमोठ्या जीवांच्या सहवासात घालवणारी शिक्षणपद्धती. पूर्वप्राथमिक आणि प्राथमिकच्या पहिल्या इयत्तांत ती अधिक आढळते. वर्षाकाठी एखादी सहल काढली म्हणजे शाळा निसर्गाधारित होत नाही. त्याच जागी वारंवार, सर्व ऋतूंत जाणे हा तिचा गाभा आहे. तेच झाड मूल पानगळीत, पालवीत आणि पावसात पाहते, तेव्हा काय बदलले हे त्याचे त्यालाच दिसते.

या विचाराची मुळे जुनी आहेत. तत्त्वज्ञ झां-झाक रूसो यांनी ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात बालपणाला स्वतःचे मोल असल्याचे मांडले. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या किंडरगार्टनमध्ये प्रत्येक मुलाला बागेत स्वतःचा छोटा वाफा असावा, असा त्यांचा आग्रह होता. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले जिथे होती तिथेच शाळा नेली. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात वनबालवाड्या सुरू झाल्या आणि पुढे स्वीडन, जर्मनी, ब्रिटन येथे पसरल्या.

बालकेंद्रितता आणि निसर्ग यांची सांगड योगायोगाने पडलेली नाही. बंद वर्गात मुलाला निवड दिली, तरी निवडायच्या वस्तू मोठ्यांनी आधीच वेचून मांडलेल्या असतात आणि त्यांचा उपयोगही बहुधा ठरलेला असतो. काटकी मात्र कधी मोजपट्टी होते, कधी पूल, कधी चिखलात अक्षर गिरवायची लेखणी. ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये हेच सूत्ररूपात मांडले : परिसरात हलवता-बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितकी कल्पकतेला संधी अधिक. उलट, मुलांना झाडाखाली रांगेत बसवून तेच पाठांतर करून घेतले, तर फार तर मोकळी हवा मिळते.

आरोग्यावरील परिणामांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. चीनमधील ग्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, नव्याने उद्भवण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते; नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये ते ३९.५ टक्के होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर उजेडामुळे नेत्रगोल लांबट होण्याची प्रक्रिया मंदावत असावी, असे मानले जाते. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती आणि हिरवळ आणून अंथरली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जीवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीच्या नियमनाशी निगडित घटकांतही बदल दिसला (२०२०). खडबडीत, चढउताराच्या जमिनीवर धावण्याने तोल आणि स्नायूंचा समन्वय सुधारतो, हे वेगळे सांगायला नको.

एकाग्रतेबाबत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीव्हन कॅप्लन यांची मांडणी महत्त्वाची ठरली. मुद्दाम लक्ष देऊन मन थकते आणि निसर्गाकडे लक्ष सहज वेधले जात असल्याने त्या थकव्याला विसावा मिळतो, असे ते म्हणतात. बाहेर घेतलेल्या तासानंतर वर्गात मुलांचे लक्ष अधिक टिकते, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. परीक्षेतील गुणांबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. अशा शाळा निवडणारी कुटुंबे अनेकदा आधीपासूनच वेगळी असतात, त्यामुळे तुलना अवघड होते.

मुलाच्या स्वभावात काय घडते, हे आकड्यांत पकडणे कठीण असले तरी शिक्षणाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. ओंडका दोघांनी उचलल्याशिवाय हलत नाही, तेव्हा कोणी न सांगता मुले बोलू लागतात, वाटाघाटी करतात. नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी उंची, वेग, हत्यारे, आग-पाण्यासारखी धोक्याची ठिकाणे, मस्तीची झटापट आणि नजरेआड जाणे असे जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले. फांदी आपला भार पेलेल का, हे अजमावताना मूल स्वतःच्या कुवतीचा अंदाज घ्यायला शिकते. मोठ्यांनी प्रत्येक वेळी हात दिला, तर तो अंदाज कधी तयारच होत नाही.

ही मोकळीक शिक्षकाचे काम कमी करत नाही, उलट वाढवते. जागा आधी पाहून विषारी वनस्पती, कुजलेल्या फांद्या, खोल पाणी हेरावे लागते आणि मुलांच्या संख्येच्या मानाने मोठी माणसे पुरेशी लागतात. त्याहून अवघड म्हणजे गप्प राहून पाहणे : कोणते मूल कशात रमले, कुठे अडले, कोणता प्रश्न पुन्हा विचारते, याच्या रोजच्या नोंदी ठेवणे आणि उद्याचा दोर, भिंग किंवा पुस्तक त्यांवरून ठरवणे. मुंग्यांची रांग मोजणारे मूल संख्येपर्यंत पोहोचते ते या निरीक्षणाच्या बळावर. शिक्षकांचे प्रशिक्षण इथेच तोकडे पडते आणि जंगल नसलेल्या शाळाही इथूनच सुरुवात करू शकतात. त्यासाठी फरशी न घातलेले अंगण, एखादे झाड आणि रोजचा सलग वेळ पुरतो.