पॉवरचं बटण दाबल्यावर आत कोण जागं असतं?

लॅपटॉप डेड झाला की ऑफिसात किंवा घरच्या ग्रुपवर एक उपाय हमखास सांगितला जातो: चार्जर काढ, बॅटरी काढ, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर आणि मग सगळं परत लाव. उपाय पुष्कळदा लागू पडतो. मात्र त्याचं कारण म्हणून ‘आतली स्टॅटिक वीज निघून जाते’ असं जे सांगतात, ते चूक आहे. स्टॅटिक म्हणजे कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचटते ती वीज. तिचा इथे संबंध नाही. खरं कारण समजलं, तर दुकानात जाण्याआधी निम्मं निदान घरीच होतं.

पूर्वीच्या कॉम्प्युटरला जाडजूड खटक्याचं बटण असायचं आणि ते थेट विजेची वाट तोडायचं. म्हणून तर विंडोज ९५ ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर दाखवून तुमच्या बोटाची वाट बघायचं. आजच्या लॅपटॉपचं बटण वीज जोडत नाही आणि तोडतही नाही. एका बारीक वाटेवरचा ३.३ व्होल्टचा दाब ते क्षणभर शून्यावर आणतं, बस्स. ही खूण टिपायला मदरबोर्डवर एक छोटा, स्वतंत्र कॉम्प्युटर चोवीस तास जागा असतो: एम्बेडेड कंट्रोलर, थोडक्यात ईसी. दुरुस्तीवाले त्याला ‘आयओ’ म्हणतात. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमधल्या कीबोर्ड कंट्रोलरचा हा वंशज. आज कीबोर्डबरोबर पंखा, बॅटरी, झाकण आणि पॉवरचं बटण असा सगळा कारभार त्याच्याकडे असतो.

ईसीने खूण ओळखली की पुढचा भाग सुरू होतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. ॲडॅप्टरमधून १९-२० व्होल्ट येतात, पण बोर्डवरच्या चिपना तेवढे नको असतात. यूएसबी पोर्टला ५ हवेत, बऱ्याच चिपना ३.३, डीडीआर४ मेमरीला १.२ आणि प्रोसेसरच्या गाभ्याला साधारण एक व्होल्ट. प्रत्येक दाबासाठी वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे दाब उतरवणारं छोटं सर्किट, असतं. त्यातले दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात आणि शेजारची कॉइल ती तुटक वीज सपाट करते. हे सगळे दाब एकदम आलेले चालत नाहीत. क्रम चुकला, तर चालू झालेल्या चिपच्या पायातून अजून न उठलेल्या चिपमध्ये भलत्या वाटेने वीज शिरते आणि तिला इजा होऊ शकते. म्हणून दाब स्थिर झाला की प्रत्येक कन्व्हर्टर ‘पॉवर गुड’ नावाची खूण देतो आणि ती बघून पुढचा टप्पा सुरू होतो. पंगतीत मीठ-लिंबापासून भातावरच्या तुपापर्यंत सगळं वाढून झाल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नाही. प्रोसेसरलाही शेवटची ‘पॉवर गुड’ येईपर्यंत असंच रीसेटमध्ये रोखून धरलेलं असतं. रीसेट सुटला की तो पहिली आज्ञा आणायला मेमरीच्या पत्त्यांमधल्या ४ जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर जातो. यातली एक खूण जरी आली नाही, तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं: काहीच होत नाही.

आता ईसी स्वतःच अडकला तर? तोही प्रोग्रामवर चालतो, त्यामुळे हँग होऊ शकतो. बॅटरी तळाला गेलेली असताना किंवा लाइट जात-येत असताना त्याचा ३.३ व्होल्टचा पुरवठा समजा १.५ वर घसरला आणि लगेच पुन्हा वर चढला. अशा वेळी नव्याने सुरुवात करून देणारं रीसेट सर्किट चिपमध्ये असतं. पण पुरवठा शून्याच्या जवळ जाऊन परत आला, तरच ते खात्रीने काम करतं. अर्ध्यातून परतलेला दाब ते दर वेळी पकडतंच असं नाही. मग काही नोंदी पुसलेल्या, काही जुन्याच, अशा अवस्थेत ईसी थबकतो. तुम्ही बटण दाबता, खूण येते, पण ती वाचायला कुणी नसतं. बॅटरी जोडलेली असेपर्यंत त्याला ३.३ व्होल्ट मिळतच राहतात, म्हणून नुसता चार्जर काढून लावल्याने काही फरक पडत नाही.

बॅटरी काढली तरी कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे भाग, उरतात. १९ व्होल्टच्या वाटेवर २२० मायक्रोफॅरड धरा आणि अर्धा गुणिले क्षमता गुणिले दाबाचा वर्ग हे बारावीचं सूत्र लावा: ०.०४ ज्यूल. नगण्य वाटतं, पण ईसीला ५ मिलिवॅट लागत असतील तर एवढ्या पुंजीवर तो आठ सेकंद तग धरतो. म्हणून घाईने परत जोडू नये. बटण दाबून धरल्याने साठा संपायला थोडा हातभार लागतो, पण खरा उपाय वीज पूर्ण तोडून थांबणं हाच. बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असेल, तर बऱ्याच लॅपटॉपांत दीर्घ दाबासाठी वेगळा हार्डवेअर टायमर असतो. ईसीच्या प्रोग्रामला न विचारता तो रीसेट देतो. काहींच्या तळाशी त्यासाठी टाचणी जाईल एवढं भोकही असतं.

‘हेअर ड्रायरने बोर्ड शेका’ हा दुसरा लोकप्रिय सल्ला मात्र साफ टाळावा. शिसंविरहित सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात, तिथवर ड्रायर पोहोचत नाही. तडकलेला सांधा उष्णतेने फुगून तात्पुरता जुळतो, मशीन काही दिवस चालतं आणि लोकांना चमत्कार वाटतो. दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करायला माझी हरकत नाही, अवजाराबद्दलची कृतज्ञता मला मनापासून आवडते. पण हळदकुंकू आणि ओल्या अक्षता कीबोर्डवर नकोत. अमावास्येला मशीन सुरू केल्याने बिघडलं म्हणणाऱ्यांनी आधी चार्जरची पिन बघावी.

तिथूनच सुरुवात करू. ॲडॅप्टरवर दिवा असेल, तर लॅपटॉपला जोडताना त्याच्याकडे नीट बघा. पिन बाहेर असताना लागलेला दिवा आत घालताच विझत किंवा लुकलुकत असेल, तर बोर्डवर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. ॲडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो आहे. वेगळ्या, तेवढ्याच क्षमतेच्या ॲडॅप्टरनेही हेच झालं, तर जास्त खटाटोप न करता बोर्ड दुरुस्तीला द्या.

यूएसबी-सी चार्जरची गोष्ट निराळी. पलीकडे ५.१ किलोओहमचा रोध जाणवल्याशिवाय तो वीजच सोडत नाही. जाणवल्यावर आधी फक्त ५ व्होल्ट देतो, मग दोन्ही बाजूंच्या चिप आपापसात ठरवतात आणि दाब २० वर जातो. दुरुस्तीवाले मध्ये छोटा मीटर लावून बघतात. आकडा ५ वरच अडकला, तर बोलणी फिसकटली: केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपमधली चिप. फोनचा लहान चार्जर लावून लॅपटॉप उठत नाही याचंही कारण बहुधा हेच, त्याच्याकडे द्यायला २० व्होल्ट नसतातच.

कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपला धीर द्यावा. लिथियम सेल साधारण ३ व्होल्टला रिकामा मानतात. त्याखाली बराच उतरला की संरक्षक सर्किट वाट तोडतं, आणि चार्जर जोडल्यावर आधी अगदी थोडा प्रवाह देऊन सेल सावकाश वर आणावा लागतो. अर्धा तास चार्जिंगला ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा आणि ती टोचू किंवा दाबू नका.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळा? मग लॅपटॉप बंद नाही. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का बघा. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपा धरा. अंधूक खिडक्या दिसल्या, तर फक्त मागचा उजेड गेला आहे. नवी रॅम बसवली असेल, तर पहिल्यांदा मेमरी जुळवून घेताना पडदा काही मिनिटंसुद्धा काळा राहू शकतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

बोर्डवर शॉर्ट असेल, तर तो शोधायची कारागिरांची पद्धत बघण्यासारखी आहे. संशयित वाटेवर बाहेरून जेमतेम एक व्होल्ट सोडतात आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतात. सगळा प्रवाह शॉर्ट झालेल्या भागातून जातो, तो तापतो आणि अल्कोहोल सगळ्यात आधी तिथून उडतं. ओल्या, चकचकीत बोर्डवर कोरडा ठिपका उमटतो, ठिपक्याखाली पुष्कळदा मोहरीएवढा सिरॅमिक कपॅसिटर सापडतो. तो बदलला की कित्येक बोर्ड उठतात. त्यामुळे ‘बोर्ड गेला, नवाच टाका’ असं पहिल्या दुकानात ऐकल्यावर चिप-लेव्हल काम करणाऱ्याला, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्याला, एकदा जरूर दाखवा.

त्याआधी डेटाचा विचार करा. डेटा साठवणारी एसएसडी वेगळी निघत असेल, तर ती दुसऱ्या मशीनला जोडता येते. पण विंडोजमधलं बिटलॉकर, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, चालू असेल, तर कुलपाची किल्ली सहसा त्या मेलेल्या बोर्डशीच बांधलेली असते आणि ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सध्या चालू असलेल्या लॅपटॉपची की आजच काढून कागदावर उतरवून ठेवा.